ग्रेडरसाहेबांच्या भिंगावरचं दहिवर

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मारोतराव उंबरकरांनी एकतीस वर्षं ग्रेडरची नोकरी केली. म्हणजे काय केलं? कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर कापूस ओढून गालाला लावला, एक सरकी दाताखाली फोडली आणि तोंड वाकडं करून म्हटलं, "वला हाये." बस. एवढ्या दोन शब्दांवर माणूस पंचक्रोशीत 'साहेब' झाला. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं खरं, पण त्याचा आकडासुद्धा साहेबच वाचायचे आणि मोठ्यानं तेच सांगायचे, त्यामुळे शेतकऱ्याच्या नशिबातली कटती, म्हणजे ओलाव्यापोटी मारलेली कपात, काही चुकली नाही. गाडीवाला हातापाया पडायचा, शपथा घ्यायचा, चहा पाजायचा. साहेब चहा प्यायचे आणि म्हणायचे, "चहा चांगला हाये, कापूस वला हाये."

मग साहेब रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्यांना कोणी काही विचारेना. हा मार मोठा असतो बाप्पा. ज्याच्या एका शब्दासाठी पन्नास गाड्या रांगेत उभ्या राहायच्या, त्याला आता घरात बेबीताई भाजीत मीठ किती टाकू हेही विचारत नव्हत्या. साहेबांनी चार महिने गावच्या रामलालच्या टपरीवर बसून राजकारणावर मतं दिली. तिथे प्रत्येकाकडे स्वतःचं मत होतं आणि तेही फुकट. साहेबांच्या मताला गिऱ्हाईक नव्हतं.

अशात कुठल्याशा विज्ञान मेळाव्यात ते यवतमाळला गेले आणि तिथे कोणीतरी त्यांना दुर्बिणीतून शनी दाखवला. झालं. साहेब घरी आले ते शनी लागल्यासारखेच. पंधरा दिवसांत माणसाच्या उंचीची तिपाई आणि तिच्यावर चार बोटं रुंद भिंगाची पांढरी दुर्बीण घरात येऊन उभी राहिली. बेबीताईंनी तिला हळदीकुंकू वाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात तं घरावर नवे टिनं आले असते."

पण खोटं कशाला बोलायचं, साहेबांचा जीव लागला त्या नळीवर. गावात खांबाखांबावर पांढरे दिवे, म्हणून ते दुर्बीण आपल्या वावरात न्यायचे. जानेवारीचा महिना, हरभरा फुलावर, आकाश धुतल्यासारखं. एका संध्याकाळी त्यांनी गुरूवर नळी रोखली आणि गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार बारके ठिपके दिसले. चार चंद्र! मारोतराव वावरात एकटेच टाळ्या वाजवत होते. एकतीस वर्षांत हा माणूस कोणत्याच गोष्टीवर एवढा खूश झाला नव्हता. आणि त्यांना पहिला विचार आला तो हाच की हे आता गावाला सांगायचं.

सकाळी टपरीवर त्यांनी जाहीर केलं, "गुरूले चार चंद्र हायेत. म्या माह्या डोयानं पायले."

रामलालनं दूध उतू जाऊ दिलं नाही, मान तेवढी वर केली. "चार? अन् आपल्याले एकच? आपल्यालेबी कटती मारली काय साहेब?"

टपरी हसली. साहेबांना झोंबलं. ते ताडकन म्हणाले, "शनवारी या माह्या वावरात. सगळे या. चार नाई दिसले तं दुर्बीण मोडून टाकतो."

मोडणार वगैरे काही नव्हते, पण शब्द गेला तो गेला. त्या दिवसापासून मारोतरावांच्या जिवाला एकच घोर. गावानं चार चंद्र पाहायचे आणि म्हणायचं, साहेब खरं बोलतात. बाकी काही नको होतं त्यांना. एकतीस वर्षं लोकांनी त्यांचं ऐकलं होतं, पण स्वतःच्या गाडीबाबत ते खरं कोणी एकदाही मानलं नव्हतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी आठ वाजता वीसेक लोक आले. फुकटचं असलं की आमच्याकडे चंद्रच काय, म्हशीचं इंजेक्शन पाहायलाही गर्दी होते. साहेबांनी दिवस मावळतानाच दुर्बीण उघडून ठेवली होती, कुठे? तर सकाळीच पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या अगदी मधोमध, कारण तिथून आभाळ चहूकडून मोकळं दिसतं. लोक येईपर्यंत दोन तास ती तशीच उघडी. पहिला मान रामलालचा. त्यानं डोळा लावला, बराच वेळ लावला आणि म्हणाला, "साहेब, धुई पडली वाटते गुरूवर."

साहेबांनी पाहिलं. सगळं पांढरं. बॅटरी मारून पाहतात तर पुढच्या भिंगावर दहिवर. थेंब नाहीत, नुसती वाफ धरल्यासारखी साय. साहेबांनी खिशातला रुमाल काढला आणि भिंग पुसलं. दोन मिनिटांत पुन्हा साय. पुन्हा पुसलं. पुन्हा साय. चौथ्या वेळेला रामलालनं गंभीर तोंडानं भिंगावरून बोट फिरवलं, ते बोट गालाला लावलं आणि म्हणाला, "वला हाये."

वीस माणसं हरभऱ्यात लोळायची बाकी राहिली. एकेकाची गाडी एकेका साली ओली ठरवली होती साहेबांनी, ते सगळं त्या एका हसण्यात वसूल झालं. साहेब दुर्बीण काखेत मारून घरी आले.

आता हा माणूस शहाणा असता तर कोणाला तरी विचारलं असतं. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्याला ओलावा शिकवला, तो ओलाव्याबद्दल कोणाला विचारणार? साहेबांनी स्वतःच डोकं चालवलं. ओलावा कोण शोषून घेतो? कापूस! कापसाबद्दल तालुक्यात आपल्याइतकं कोणाला कळतं? कोणाला नाही! त्यांनी घरातला एक नंबरचा, लांब धाग्याचा, पांढराशुभ्र कापूस निवडला, हातानं पिंजला आणि भिंगाच्या भोवती कडेकडेनं गच्च ठासला. वरून एक छत्रीही बांधली, कारण दहिवर आभाळातून पडतं अशी त्यांची पक्की समजूत. छत्री बांधल्यावर लक्षात आलं की आता गुरूही दिसत नाही. छत्री सोडली, कापूस ठेवला.

तासाभरानं पाहतात तर भिंगावर साय होतीच, वरून त्या सायीला कापसाचे धागे चिकटलेले. दुर्बिणीला मिशा फुटल्या होत्या. ते धागे काढता काढता कापसात राहिलेल्या सुक्या पानाचा एक बारका कचरा भिंगावर घासला गेला आणि कायमचा ओरखडा पडला. बेबीताईंनी सकाळी तो कापूस चिमटीत धरून पाहिला. "वातीच्याबी कामाचा नाई राह्यला," म्हणाल्या.

मग साहेबांनी गावातल्या अंजूच्या पार्लरमधून केस वाळवायचं मशीन मागून आणलं. ही युक्ती वाईट नव्हती, पण वावरात त्या आठवड्यात वीज यायची रात्री दहाला. पुढच्या शनिवारी बारा लोक आले, ते दहापर्यंत थंडीत शेकोटीशी बसून राहिले. दहाला वीज आली. साहेबांनी मशीन सगळ्यात गरम करून भिंगावर धरलं. साय गेली! लोक उठले. पण भिंग एवढं तापलं की गुरू उतू जाणाऱ्या दुधासारखा खदखदायला लागला, एका जागी ठरेना. भिंग निवेपर्यंत थांबू म्हटलं, तर वीज काय फक्त साहेबांसाठी आली होती? आजूबाजूच्या चारी वावरांत मोटारी सुरू झाल्या, स्प्रिंकलर फिरायला लागले, गारवा हरभऱ्यावरून सरकत आला आणि भिंगावर पुन्हा साय. बारा जण घरी गेले. जाताना एक जण म्हणाला, "साहेब, त्यापरीस अंजूच्या गिऱ्हाइकाचे केस तरी वाळवले असते."

त्या रात्री मारोतराव जेवले नाहीत. बेबीताईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "अजी, त्या उकंडाले काहून नाई इचारत? चायीस साल झाले, तो थंडीचा उघड्यावर जागली करते. दहिवर त्याच्याइतकं कोणाले कयते?"

उकंडाचं नाव निघालं आणि मारोतराव भिंतीकडे तोंड करून झोपले. उकंडाचं तीन एकर वावर साहेबांच्या वावराला लागूनच. रानडुकरांपासून पीक राखायला तो हिवाळाभर वावरातच झोपायचा. दोघांचा बांध एक, पण अठरा वर्षं बोलणं नाही. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. एका साली उकंडाची गाडी साहेबांनी ओली म्हणून परत लावली. उकंडानं गाडी दोन दिवस जिनिंगच्या फाटकाबाहेर उभी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच कापूस साहेबांनी कोरडा म्हणून घेतला, पडत्या भावात. गावात मात्र नाव पडलं ते उकंडाचं, की यानं वजनासाठी कापसावर पाणी मारलं होतं.

तीन दिवस साहेबांनी मान ताठ ठेवली. चौथ्या दिवशी गरज मानेपेक्षा मोठी झाली. अडला हरी, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

उकंडा बोरीखाली विडी ओढत बसला होता. साहेबांनी सगळं सांगितलं, कापसाचं सोडून. उकंडानं ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "साहेब, दहिवर पडत नाई. बसते."

"म्हंजे?"

"म्हंजे हे पाहा. या बोरीखालची माह्यी पांघराची वाकय सकायी कोरडी राह्यते. अन् तीच वाकय चार हातावर उघड्यात टाकली का पाणी पियून घ्या. दोन्हीवर हवा तेच हाये. ज्याले आभाय दिसते, ते थंडं पडते. जे थंडं पडते, त्यावर दहिवर बसते. तुमचं भिंग रातभर आभायाकडं आ करून बसते, मंग त्याले दुसरं काय होईन?"

एकतीस वर्षांच्या अनुभवाला हे कधी सुचलं नव्हतं. उकंडानं पुढे सांगितलं ते असं, की भिंगाच्या पुढे लांब टोपी चढवा, भिंग रुंद आहे त्याच्या दुपटीएवढी लांब, म्हणजे त्याला फक्त समोरचा आभाळाचा तुकडा दिसेल, बाकीचं नाही. भिंगाच्या मागून नळीला कोमट वाळूची पुरचुंडी बांधा. कोमट, गरम नाही, हाताला नुसती ऊब लागली पाहिजे. हरभऱ्यातून उठा आणि खळ्यावर या, तिथली जमीन कोरडी आहे. आणि वेळ येईपर्यंत झाकण काढू नका. "अन् पुसू नोका," तो म्हणाला. "तुमाले हात घालाची लय सवय हाये."

साहेबांनी ते ऐकून घेतलं. निघताना विचारलं, "शनवारी येशीन?"

"येतो ना. पहिले मी पाहीन पण."

बेबीताईंनी झोपायच्या फोमच्या चटईतून टोपी शिवून दिली, जुन्या लुगड्याच्या दोन पुरचुंड्या केल्या आणि चुलीवर वाळू भाजली. या वेळी आले सातच जण, आणि तेही मुख्यतः हसायला. साहेबांनी आठ वाजता झाकण काढलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेब बॅटरी मारमारून टोपीत डोकावत होते. भिंग कोरडं! ओरखड्यासकट चकचकीत! पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. "ये उकंडा," ते म्हणाले.

उकंडानं काचेवर श्वासाची वाफ बसू नये म्हणून तोंडाला दुपट्टा बांधला आणि डोळा लावला.

"गुरू दिसते," उकंडा म्हणाला. "फर्स्टक्लास दिसते. पट्टेबी हायेत त्याच्यावर."

"अन् चंद्र?"

उकंडानं मोजले. पुन्हा मोजले. "तीन."

"नीट पाय ना बाबू. चार."

"साहेब, मले तीनापुढं मोजता येते."

रामलाल पुढे झाला. तीन. मग बाकीचे पाच. तीन, तीन, तीन, तीन, तीन. साहेबांनी सगळ्यांना बाजूला सारून डोळा लावला. तीनच होते. झालं असं होतं, की चौथा त्या वेळी गुरूच्या आड गेला होता. रोजचंच आहे ते, कोणी ना कोणी आडपडदा करतच असतो तिथे. मोबाइलवर पाहिलं असतं तर दुपारीच कळलं असतं. पण साहेब दिवसभर वाळू भाजण्यात गुंतलेले. दहिवराच्या नादात चंद्रांची चौकशी करायचीच राहिली.

"चौथा मांगं हाये," ते म्हणाले. "गुरूच्या मांगं लपला. निंघते थोड्या वेयानं."

"हो हो," रामलाल म्हणाला. "पंचवीस टक्के कटती. साहेब, सवय काई जात नाई तुमची."

करायला गेले गणपती. सगळे जण बॅटऱ्या लावून बांधावरून हसत हसत निघून गेले आणि खळ्यावर राहिले दोघं. उकंडाला डुकरं राखायची होतीच, त्याला घरी जायची घाई नव्हती. बेबीताईंची पुरचुंडी निवली तेव्हा त्यानंच ती शेकोटीवर ऊब देऊन पुन्हा नळीला बांधली.

तासाभरानं उकंडानं शेकोटीत काडी सारली आणि विचारलं, "त्या साली माह्यी गाडी वली होती का?"

मारोतरावांनी सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं. "कोरडी होती," ते म्हणाले. "मालकाचं गोदाम भरलं होतं. आज दहा गाड्या परत लाव म्हणे. तुह्यी सातवी होती."

"हं."

"काय करतो मंग मी? नोकरी होती."

"म्या लोकाइले सांगून पायलं का कापूस कोरडा हाये," उकंडा म्हणाला. "गावभर सांगलं. सगळे म्हणे, ग्रेडर कायले खोटं बोलीन? माह्यी बायकोबी एक डाव म्हणे, खरं सांगा, पाणी मारलं का तुम्ही? ते मरेलोक तिच्या मनात राह्यलंच." त्याच्या आवाजात राग नव्हता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा तो बोलत होता. मारोतरावांना वाटलं काहीतरी म्हणावं. माफ कर म्हणावं. पण तो शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता, तोंडात बसेना. ते उठून दुर्बिणीकडे गेले.

आणि गुरूच्या कडेला एक बारकी पुळी आली होती. पाहता पाहता ती सुटली. चौथा चंद्र.

"उकंडा! धाव! निंघाला!"

उकंडानं डोळा लावला. या वेळी तो इतका वेळ वाकून राहिला की मारोतरावांना वाटलं याला झोप लागली. उठला तेव्हा त्याचा चेहरा शेकोटीत वेगळाच दिसला, लहान झाल्यासारखा. "चार," तो हळूच म्हणाला. "खरंच चार हायेत. लय सुंदर हाये साहेब. लयच."

मारोतरावांचे डोळे भरून आले. गाव गेलं खड्ड्यात, एका माणसानं पाहिलं होतं, आणि तोही उकंडा! त्याच्या शब्दाला आता कोणी नाही म्हणू शकत नव्हतं, सगळ्यांत जास्त वैर त्याचंच होतं ना. "सकायी सांगशीन लोकाइले?"

"सांगीन ना," उकंडा म्हणाला. "इचारलं तं सांगीन."

सकाळी साहेब अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टपरीवर गेले. उकंडा आधीच येऊन बाकड्यावर बसला होता. काल आलेले सगळे होते, न आलेलेही होते. साहेबांनी चहा सांगितला आणि मोठ्यानं म्हणाले, "निंघाला बरं रातच्याले चौथा. तुम्ही गेल्यावर. उकंडानं पायला. इचारा त्याले."

टपरी उकंडाकडे वळली. रामलालनं किटली खाली ठेवली. "काय उकंडा? किती होते?"

उकंडानं बशीत चहा ओतला, फुंकला, एक घोट घेतला.

"तीन," तो म्हणाला.

"अबे!" साहेब उभे राहिले. "अबे तूच तं पायला! चार म्हणे तू! लय सुंदर हाये म्हणे!"

उकंडा शांतपणे चहा पीत राहिला. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं. मग रामलालनं साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं त्यांना खाली बसवलं.

"बसा साहेब, चहा घ्या," तो म्हणाला. "उकंडा कायले खोटं बोलीन?"